हायलँडमधील जुनी शाळा व तिची इमारत

(इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ९)



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'जुन्या वास्तू' असा आहे. वर्गातल्या पुष्कळ मुलांनी किल्ले घेतले. दोघांनी बारव घेतली. मी शाळा घेतली. शाळा ही सुद्धा वास्तूच असते, असं गुरुजी म्हणाले. पण मी लिहिते आहे ती शाळा फार लांबची, स्कॉटलंड देशातल्या हायलँड नावाच्या भागातली आहे. माहिती गुरुजींनी इंग्रजीतून वाचून मला मराठीत सांगितली. भिंती आणि छपराबद्दलचं मी आजोबांना विचारून घेतलं, कारण माझे आजोबा गवंडी होते.

हायलँड म्हणजे उंचावरचा मुलूख. ग्रेट ब्रिटन बेटाच्या उत्तरेकडच्या टोकाला तो आहे. तिथे बेन नेव्हिस नावाचा डोंगर आहे. तो त्या सबंध देशात सगळ्यात उंच, १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाई ३०१ मीटरने जास्त भरलं. वजाबाकी मीच केली. पण थंडी त्यांची जास्त. बर्फ पडतं. वारा समुद्रावरून येतो. झाडं कमी, दगड भरपूर. डिसेंबरात इनव्हरनेस शहरात सूर्य सकाळी नऊच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. म्हणजे आपली मधली सुट्टी होऊन दोन तास गेले की तिकडे अंधार! हे ध्यानात ठेवा, कारण शाळेच्या खिडक्या तशा का होत्या ते पुढे यायचं आहे.

आता इतिहास. स्कॉटलंडमध्ये १६९६ साली एक कायदा झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर २२ वर्षांनी. कायदा असा की प्रत्येक पॅरिशमध्ये एक शाळा पाहिजे. पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा मुलूख, जसा तलाठ्याचा सजा असतो तसा. शाळेसाठी घर आणि मास्तरांचा पगार तिथल्या जमीनदारांनी द्यायचा. पगार वर्षाला १०० ते २०० मर्क. मर्क हे त्यांचं जुनं नाणं. कायदा चांगला होता, पण हायलँडमध्ये एकेक पॅरिश कितीतरी मैल लांब, मध्ये डोंगर, मध्ये तळी. एका शाळेने काय होणार? पलीकडच्या खोऱ्यातल्या मुलाने रोज कसं यायचं? आणि काही जमीनदार पैसे देताना हात आखडायचे. म्हणून पुष्कळ ठिकाणी शाळा कुणाच्या तरी गोठ्यात नाहीतर खळ्याच्या कोठारात भरायची.

१८०३ साली आणखी एक कायदा झाला. त्यात मास्तरांचा पगार वाढवला आणि त्यांना राहायला घर द्यायचं ठरलं. पण घर किती मोठं? स्वयंपाकघर धरून दोन खोल्या. त्याच्यापेक्षा जास्त द्यायला जमीनदार बांधील नाहीत, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. सोबत पाव एकराची बाग. बागेत मास्तर बटाटे लावत असतील असं मला वाटतं. शाळेला लागून मास्तरांचं घर असायचं, त्याला तिकडे स्कूलहाऊस म्हणतात. मास्तर गावातच राहत म्हणून त्यांची एस.टी. चुकायची नाही!

आता एका खऱ्या शाळेचं वर्णन करते. ही शाळा क्रॉमर्टी या गावातली. क्रॉमर्टी समुद्रकाठी आहे. तिथे १८०२ साली ह्यू मिलर नावाचा मुलगा जन्मला. त्याचे वडील जहाजाचे कप्तान होते. तो ५ वर्षांचा असताना ते समुद्रात बुडाले. त्याने मोठेपणी आपल्या शाळांवर आणि मास्तरांवर एक पुस्तक लिहिलं, ते १८५४ साली निघालं. त्यातून ती शाळा कशी होती ते कळतं.

शाळा लांबट आणि बुटकी होती. वर गवताचं छप्पर. खाली मातीची जमीन. आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं मोकळं, मध्ये भिंत नाही. वर फळ्याही ठोकलेल्या नव्हत्या, त्यामुळे छपराचे वासे उघडे दिसायचे. मास्तर जरा बाहेर गेले की मुलं वाशांवर चढायची. आणि त्या वाशांवर काय ठेवलेलं असायचं माहीत आहे का? होडीचं वल्हं! कधी सुकाणू, कधी शीड सुद्धा!

ते असं की खाडीच्या पलीकडून पीट भरलेल्या होड्या येत. पीट म्हणजे दलदलीतली माती. शेवाळ आणि गवत हजारो वर्षं पाण्यात कुजून ती तयार होते. ती लांब पात्याच्या कुदळीने विटेसारखी कापायची, उन्हावाऱ्यात वाळवायची, रचून ठेवायची आणि जाळायची. दिसायला ती वीट, पण काम गोवरीचं. झाडं कमी म्हणून चुलीत हेच. प्रत्येक होडीतून शाळेच्या चुलीसाठी काही पीट घ्यायचा मुलांचा जुना हक्क होता. एखादा नावाडी देईना, की मुलं होडीत शिरून त्याचं वल्हं नाहीतर दुसरं काही पळवून आणत आणि शाळेच्या वाशांवर ठेवत. पीट आणून दिलं की वल्हं परत. आमच्या वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यात जास्त हसू इथे आलं.

शाळेच्या खिडक्यांमधून बंदर दिसायचं. म्हणून मुलांचं लक्ष पाढ्यांत कमी आणि जहाजांत जास्त. कुठलं जहाज आलं ते सगळ्यांना ठाऊक.

दोन गोष्टी मात्र मला आवडल्या नाहीत. एक म्हणजे वर्षातून एकदा शाळेतच कोंबड्यांची झुंज लावत आणि जमिनीवर रक्ताचे डाग कितीतरी दिवस राहत. ह्यू कोंबडा आणायचा नाही. वर्गणी तेवढी द्यायचा. दुसरी गोष्ट अशी, की त्या शाळेत सुमारे १२० मुलगे होते आणि ३० मुली होत्या. पण तो लिहितो, की मुलींना कुणी मोजण्यासारखं समजतच नव्हतं. आपल्या वर्गात १० मुली आणि ७ मुलगे आहेत. आम्हाला न मोजता पट भरून दाखवा बघू!

हा ह्यू शाळेत हुशार नव्हता. गोष्टी सांगण्यात पटाईत होता. शेवटी एका शब्दाच्या स्पेलिंगवरून मास्तरांशी त्याचं वाजलं, मार बसला, आणि त्याने शाळा सोडली. मग तो गवंडी झाला. दगडाच्या खाणीत काम करता करता त्याला दगडात जुन्या माशांचे ठसे सापडले. असे मासे, जे आता जगात कुठेच नाहीत. त्याने ते जमवले, त्यांच्यावर १८४१ साली पुस्तक लिहिलं, आणि मोठमोठे शास्त्रज्ञ त्याला मानू लागले. एका माशाला त्याचं नाव दिलं आहे. तो जन्मला ते गवताच्या छपराचं घर आजही जपून ठेवलं आहे. मी आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गवंड्याला दगड वाचता येतोच. लिहिता येत नाय, एवढंच."

गवताचं छप्पर कसं करत ते पण सांगते. हीदर नावाचं झुडूप तिकडच्या डोंगरांवर असतं, ते किंवा पेंढा नाहीतर नेचे वापरत. वारा जोराचा म्हणून वरून दोर टाकत आणि दोरांच्या टोकांना दगड बांधून ते खाली लोंबते ठेवत. लाकडाची इतकी टंचाई, की हायलँडमध्ये घर सोडून जाणारा कुळवाडी छपराची लाकडं बरोबर घेऊन जायचा. भिंती काय, कुठेही मिळतील तेवढ्या दगडाच्या होतात. तुळई मिळत नाही. म्हणूनच १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात मेंढ्यांच्या कुरणासाठी माणसं हुसकावली, तेव्हा घरांची छपरं जाळली. छप्पर गेलं की माणूस परत येऊन राहू शकत नाही. अशी खोरीच्या खोरी ओस पडली. तिथे शाळा कुणासाठी राहणार?

चुलीसाठी प्रत्येक मुलाने घरून रोज एक पीट काखेत मारून आणायचं, ही चाल हायलँडमध्ये पुष्कळ वर्षं होती. माझी आजी म्हणते, आमच्या वेळी शनिवारी मुलींनी घरून शेण न्यायचं आणि शाळा सारवायची. म्हणजे शाळेत काहीतरी घेऊन जायची पद्धत सगळीकडेच! बरीचशी मुलं उन्हाळाभर अनवाणी येत. थंडी पडली की बूट, तेही असले तर.

आता भाषेची गोष्ट. हायलँडच्या माणसांची भाषा इंग्रजी नव्हती, गेलिक होती. १७०९ साली एडिनबरा शहरात एक धर्मसंस्था निघाली. तिने हायलँडमध्ये शाळा काढल्या, पण तिचं म्हणणं असं की मुलांनी गेलिक सोडावी, इंग्रजी शिकावी. मुलांनी इंग्रजी पाठ तर केलं, पण अर्थ कुठे कळत होता? पोपटासारखं वाचायचं. पुढे त्या संस्थेलाच ते पटलं आणि १७६७ साली गेलिकमधलं धर्मपुस्तक तिनेच छापलं. मग १८११ साली एडिनबऱ्यात दुसरी मंडळी उभी राहिली. त्यांच्या शाळा फिरत्या होत्या. मास्तर एका गावात काही महिने राहणार, गेलिक वाचायला शिकवणार, मग पुढच्या गावी. गावाने फक्त जागा द्यायची. त्या शाळेत आई-वडील आणि आजी-आजोबासुद्धा मुलांच्या शेजारी बसून शिकत. हे मला फार आवडलं. आजीला मी सही शिकवली ती चुलीपुढे बसून, शाळेत नाही.

यानंतर १८७२ सालचा मोठा कायदा आला. ५ ते १३ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची. शाळा चर्चकडून आणि जमीनदारांकडून काढून गावोगावच्या स्कूल बोर्डाकडे दिल्या. बोर्डाचे सभासद मतं देऊन निवडत. म्हणून त्या शाळांना बोर्डाच्या शाळा म्हणत. आमचे आजोबा आपल्या जुन्या खोलीला अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात, कारण आपल्याकडेही जिल्हा परिषद १९६२ साली आली, त्याच्या आधी बोर्डच होतं. पण त्या १८७२ च्या कायद्यात गेलिक हा शब्दच नव्हता. झालं, मुलांनी वर्गात घरची भाषा बोलली की शिक्षा. काही ठिकाणी गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत असं तिकडची म्हातारी माणसं सांगत. मारायला चामड्याचा पट्टा होता, तो सरकारी शाळांतून १९८७ साली बंद झाला.

असो. आता बोर्डाच्या शाळेची इमारत. हायलँडमध्ये आज जुनी शाळा म्हणून जी दिसते ती बहुधा हीच. १८७२ नंतरच्या थोड्याच वर्षांत अशा कितीतरी बांधल्या.

भिंती दगडाच्या, साधारण २ फूट जाड, चुन्यात बांधलेल्या. बाहेरून चुना आणि बारीक खडी यांचा गिलावा भिंतीवर फेकून मारत. त्याला हार्लिंग म्हणतात. तो खडबडीत असतो, त्यामुळे पावसाचं पाणी फुटतं आणि लवकर वाळतं. छप्पर दोन्ही बाजूंना खूप उतरतं, म्हणजे बर्फ आणि पाणी थांबत नाही. दोन टोकांना त्रिकोणी भिंती. एका त्रिकोणावर छोटी कमान आणि तीत घंटा. घंटेचा दोर खाली सोडलेला.

खिडक्या उंच आणि मोठ्या. दिवस लहान, विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजेड जितका आत येईल तितका पाहिजे. पण खिडकीचा खालचा कठडा मुलांच्या डोक्याच्या वर ठेवत, कारण बाहेर बघू नये! ह्यू मिलरच्या शाळेत जहाजं दिसत होती, ते आता बंद. छत उंच, म्हणजे खूप मुलं बसली तरी हवा कोंदत नाही. पण उंच छताची खोली गरम होत नाही, हे बांधणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. शेकोटी भिंतीत एका बाजूला, आणि ऊब पुढच्या बाकांनाच. दारं दोन. एकावर दगडात 'मुलगे' कोरलेलं आणि दुसऱ्यावर 'मुली'. खेळायचं अंगणसुद्धा मध्ये भिंत घालून वेगळं. आत मात्र पुष्कळ खेड्यांत एकच वर्ग आणि एकच मास्तर.

छपरावर गवत नाही, स्लेट आली. स्लेट म्हणजे आपल्या पाटीचा दगड. तो पापुद्र्यासारखा सुटतो. बॅलाहुलिश या गावी त्याच्या खाणी १६९० नंतरच्या वर्षांत सुरू झाल्या आणि १९५५ साली बंद पडल्या. म्हणजे मुलांच्या हातात पाटी आणि डोक्यावरही पाटी. स्लेट बसवायची रीत आजोबांना फार पटली. खाली वळचणीला मोठ्या पाट्या आणि वर आढ्याकडे जाताना लहान लहान होत जातात. खाली पाणी जास्त वाहतं आणि वजन भिंतीवर येतं, म्हणून मोठ्या खाली. प्रत्येक पाटीला वरच्या टोकाला एकच खिळा. एखादी फुटली तर शेजारच्या पाट्या बाजूला फिरवून नवी बसवता येते, सगळं छप्पर उलगडावं लागत नाही. आपली कौलं चाळतात तशातलंच, पण त्याहून सोपं.

मास्तरांना रोजनिशी ठेवावी लागे. मुलं का आली नाहीत ते त्यात असायचं. पीट कापायला गेली, बटाटे काढायला गेली, मेंढ्यांमागे गेली, बर्फात वाट बंद झाली, गोवर आला म्हणून शाळा बंद. वर्षातून एकदा साहेब तपासणीला येत, परीक्षा घेत आणि निकालावर शाळेचं अनुदान ठरे. साहेब येणार म्हटल्यावर मास्तरांच्या पोटात काय होत असेल ते आपल्या गुरुजींना विचारा. १८९० च्या सुमाराला बहुतेक फी माफ झाली. १९०८ च्या कायद्याने बोर्डांना मुलांना जेवण द्यायची मुभा मिळाली. म्हणजे तिकडची खिचडी!

गेलिकचं पुढे काय झालं? १९१८ च्या कायद्यात तिला थोडी जागा मिळाली. १९८५ साली ग्लासगो आणि इनव्हरनेस इथे गेलिकमधून शिकवणारे वर्ग निघाले आणि २००७ साली इनव्हरनेसमध्ये अख्खी शाळाच गेलिकची झाली. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलू शकणारी माणसं जवळजवळ ७० हजार भरली. एका देशात इतकीच. शाळेने एखादी भाषा शंभर वर्षं दाराबाहेर ठेवली तर काय होतं ते यावरून कळतं.

आणि इमारतींचं काय झालं? मुलं कमी झाली तशा खूप शाळा बंद पडल्या. कुठे शाळेत लोक राहतात, कुठे गावाचं सभागृह आहे, कुठे पाहुणे उतरतात. न्यूटनमोर या गावी हायलँडच्या लोकजीवनाचं संग्रहालय आहे. इसाबेल ग्रँट नावाच्या बाईंनी १९३५ साली ते सुरू केलं. तिथे नॉकबेनची शाळा दुसऱ्या ठिकाणाहून आणून पुन्हा उभी केली आहे, बाकं आणि फळ्यासकट.

आता जे लिहायचं आहे ते पालकांसाठी. आपल्या शाळेची जुनी खोली पाडायची असं गावात बोललं जात आहे. दाराच्या वरच्या दगडात १९५४ कोरलेलं आहे. ती भिंत बांधणाऱ्यांत माझ्या आजोबांचे वडील होते. मी टेपने मोजली, भिंत २ फूट १ इंच जाड आहे. म्हणजे हायलँडच्या शाळेइतकी. आतून ओल येते म्हणून ती धोकादायक असं म्हणतात. पण ओल पहिल्यापासून नव्हती. मागे दुरुस्तीत आतून सिमेंटचा गिलावा केला, त्याच्यानंतर पोपडे सुटू लागले. हायलँडच्या जुन्या इमारतींबद्दल हेच वाचायला मिळालं. चुन्याची भिंत पाणी पिते आणि पुन्हा सोडते. तिच्यावर सिमेंट मारलं की पाणी आतच अडकतं, मग दगडही खराब होतो. म्हणून तिथे जुनं सिमेंट सोलून पुन्हा चुना लावतात. आजोबा म्हणाले, "चुना मळायला माणूस मिळत नाय आता, पण मी सांगेन की कसा मळायचा."

स्कॉटलंडमध्ये २०१० साली असा कायदा झाला, की खेड्यातली शाळा बंद करायची असेल तर आधी जाहीर सभा घ्यावी लागते आणि पालकांना, शिक्षकांना, गावाला विचारावं लागतं. शाळेतल्या मुलांनाही विचारावं लागतं. आपली शाळा बंद होत नाही, नुसती खोली पाडणार आहेत, हे मला माहीत आहे. तरी ग्रामसभा २६ जानेवारीला आहे आणि त्या दिवशी आम्ही सगळी मुलं झेंडावंदनाला तिथेच असतो.

लेखाच्या उजव्या बाजूला दोन चित्रं लावली आहेत. एक हायलँडच्या शाळेचं, दुसरं आपल्या जुन्या खोलीचं. मापं पेन्सिलने लिहिली आहेत. जुन्या खोलीची किल्ली गुरुजींकडे असते. मागच्या खिडकीपाशी गिलावा सुटून आतला चुना उघडा पडला आहे. कुणाला बघायचा असेल तर मधल्या सुट्टीत मी दाखवते.